वरून प्यालेलं पाणी

आबांचं पाणी कमी झालंय हे आईच्या लक्षात आलं तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. भात कापून झालेलं, खाचरं उघडी पडलेली, आणि पवना नदीकडून येणारं धुकं दहा वाजले तरी आमच्या परंदवडीच्या शिवारातून हलायला तयार नसायचं. आबा म्हणजे माझे आजोबा. नव्वदी कधीच ओलांडलेली. नेमकं वय त्यांना ठाऊक नव्हतं आणि सरकारी कागदावर होतं त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तरुणपणी पलटणीत भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि मांडीत गोळी खाऊन परत आले. खाण्याची कुरकुर कधी नव्हती. फक्त पाणी पोटात जात नव्हतं.

कारण साधं होतं. आबा आयुष्यभर वरून प्यायले. तांब्या असो, पेला असो, भांड्याला ओठ म्हणून लावला नाही. आमच्याकडे बरीच माणसं तशी पितात, उष्टं होऊ नये म्हणून, त्यात नवल नाही. पण आबा चहासुद्धा गार करून वरून ओतायचे, आणि लहानपणी आम्ही भावंडं ती कसरत बघायला समोर फतकल मारून बसायचो. आता त्यांचे हात कापायला लागले होते. पेला वर जायचा, धार हनुवटीवर पडायची, तिथून छातीवर. आई सदरे बदलून थकली.

तळेगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "थंडी आहे म्हणून कळत नाहीये. पण असंच चाललं तर मूत्रपिंडं बसतील, आणि या वयात बसली की उठत नाहीत. सलाइन तरी किती दिवस लावणार? तोंडानं घोट घोट पाजा."

मी शाळेत शिकवते. पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई एका म्हाताऱ्याला पाणी पाजू शकत नाही, हे मला पटेना. रजा टाकून गावीच राहिले. चमचा झाला, नळी झाली, तान्ह्या मुलांची चोचीची बाटलीसुद्धा झाली. ओठाजवळ काही नेलं की आबा तोंड मिटून घेत. शेवटी मीच वरून धार धरली, तर असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले आणि आई किंचाळली. डॉक्टर फोनवर ओरडले, पुन्हा हा उद्योग करू नका, पाणी फुफ्फुसात जाईल.

शेजारच्या मावशी येऊन बसल्या. त्यांनी आबांचा हात हातात घेतला, नखं बघितली आणि उठल्या. ओट्यावर आईला हळूच म्हणाल्या, "पाव्हण्यांना कळवून ठिवा." मला इतका राग आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. राग कसला, भीतीच होती ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा तोल गेला. पेला पुन्हा सदऱ्यावर रिकामा झाला होता.

"आबा, कसलं हे सोवळं? पलटणीत चार जातींच्या माणसांबरोबर राहिलात ना? आता घरच्या भांड्याचा विटाळ होतो? सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुमचा!"

देहूरोडच्या लष्करी छावणीकडून सरावाचा धमाका झाला आणि फळीवरची भांडी थरथरली. आबा दुसऱ्या आवाजाची वाट बघत थांबले. तो आला नाही. मग म्हणाले, "सोवळं न्हाई, पोरी."

इटलीबद्दल आबा कधी बोलायचे नाहीत. शाळेनं पंधरा ऑगस्टला बोलावलं की दुखऱ्या मांडीचं निमित्त सांगायचे. त्या दुपारी मात्र मध्ये मध्ये दम खात सांगत राहिले.

"आमच्या डाव्या अंगाला अमेरिकेची पलटण हुती. समदी काळी मानसं, वरचा सायब तेवढा गोरा. त्येंची जेवणाची रांग येगळी, दवाखान्याचा तंबू येगळा, पान्याचं पिंपसुदिक येगळं. मी म्हनलं, हे तर आपल्याच गावावानी झालं. आपल्यातबी दोन हिरी हुत्याच की, एक आपली आन एक त्येंची."

त्येंची म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीची. ती विहीर मी पाहिली आहे, आता तिच्यात झुडपं उगवलीत.

"गोरे म्हनायचे, हे लढायचे न्हाईत, पळून जातील. पळालं कोन? कुनीबी न्हाई. डोंगराच्या माथ्यावर दोन दिस तग धरून बसली ती पोरं. खेचरं वर चढंनात, त्यामुळं रसद न्हाई, पानी न्हाई. आमी त्येंच्या मदतीला चढत हुतो, तवा मला गोळी लागली. मी दगडांत पडलो. आमच्यातलं कुनी पुढं येऊ शकंना, इतका मारा. वरनं येक काळा गडी सरपटत आला. त्यानं मला पाठीवर घेतला आन मोठ्या खडकाच्या आडोशाला उतरवला."

आबांनी दुखऱ्या मांडीवरून हात फिरवला.

"त्येनं कमरंची बाटली काढली. कानाशी हलवून बगितली, किती ऱ्हायलं ते. मग बाटलीचं तोंड बाहीनं पुसलं, निगुतीनं, आन मला दिली. त्येचेबी व्हट फुटलं हुतं. आदी मला दिली. आन मी? जल्माची सवय. बाटली वर धरली आन ओतली. हात हालत हुता. पानी मातीत ग्येलं."

"मग?"

"मी त्येचं त्वांड बगितलं. त्येला वाटलं, ह्योबी त्या गोऱ्यांवानीच. मला विंग्रजी येत न्हाई, सांगू कसं? त्येनं बाटली परत हलवली. काय ऱ्हायलं न्हवतं. झाकान लावलं, मला परत पाठीवर घेतलं, पार खालपर्यंत आनलं. त्यात काय कमी केलं न्हाई. आन परत वर ग्येला. त्येचा येक जोडीदार वर पडला हुता. सांजच्याला वरनं मानसं उतरली. त्यो न्हवता त्येंच्यात."

तो गोळीनं गेला की तहानेनं, की गेलाच नाही, हे आबांना कधी कळलं नाही. परत आल्यावर त्यांनी ठरवलं, कुणाच्याच भांड्याला तोंड लावायचं नाही. आईच्या नाही, बायकोच्या नाही, लेकरांच्याही नाही. "त्या येकट्यालाच मी तसं केलं, असं नगं," म्हणाले. आबा सवय म्हणत होते खरे, पण ती सवय कोणत्या विहिरीवर लागली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दोन विहिरी आधी सांगितल्या.

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण सोवळं असतं तर भांडून मोडलं असतं. हे कसं मोडणार? मी सरळ रडले. "आबा, त्यानं तुम्हाला मरायला नाही आणलं खाली. माझ्यासाठी तरी ओठ लावा."

त्यांनी उशाजवळच्या तांब्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "आदी तू पी."

मी तांब्याला तोंड लावून प्याले आणि तसाच त्यांच्या हातात दिला. माझा हात खालून आधाराला होता. तांब्या ओठांपर्यंत आला. ओठ उघडलेही. आणि तिथून त्यांचा हात वर जायला लागला. मी दाबून धरला, त्यांनीही खाली ओढायचा प्रयत्न केला, त्यांच्या मानेच्या शिरा ताठलेल्या मला दिसत होत्या. पण पाऊणशे वर्षं तीच सवय लागलेला हात तो, आमच्या दोघांचंही ऐकेना. तांब्या कपाळाच्या उंचीला गेला आणि सगळं पाणी गळ्यावरून अंथरुणात गेलं.

आबांना आता समोरचं धड दिसत नव्हतं. ते माझ्या बाजूला चाचपडत म्हणाले, "त्येला ऱ्हायलं का?"

"राहिलं, आबा," मी म्हटलं. "भरपूर राहिलं." आणि रिकामा तांब्या आवाज होऊ न देता जमिनीवर ठेवला.