डाव्या खुंटीवरचा डगला

आत्याबाईंच्या गोठ्याच्या दाराशी दोन खुंट्या होत्या. डावीवर दूध काढायचा डगला, उजवीवर बोकडाचा. दोन्ही एकाच ताग्यातले आणि बावीस वर्षं धुऊन धुऊन एकाच मातकट रंगाचे झालेले. ओळख काय ती खुंटीची. बोकडाजवळ वापरलेला डगला घालून दुधाला बसायचं नाही, कारण नराचा उग्र वास दूध लगेच ओढून घेतं. सून घरात आली त्या दिवशी, चहाच्याही आधी, त्यांनी तिला हा नियम सांगितला होता.

अख्खी गल्ली त्यांना आत्याबाई म्हणे, सूनही. गोठ्यात तीन जाती होत्या. मोठ्या कासेच्या आठ पांढऱ्या शेळ्या दुधाच्या. ठेंगण्या तांबड्या मांसाच्या. त्यांची करडं अशी झपाट्यानं भरत की खाटीक कुंपणापाशी उभा राहून नुसता हसे. आणि पाच केसाळ काळ्या. त्यांचं दूध वाटीभर, मांस बेताचं, पण जाड केसांखाली मऊ लोकर. थंडी सरली की ती सुटू लागे. आत्याबाई ती फणीनं विंचरून काढत, कातत आणि तिचे हातमोजे विणत. "काळ्या कशाला पोसता?" असं कुणी विचारलं, की त्या विचारणाऱ्याच्याच हातातल्या मोज्यांकडे बोट दाखवत.

आसपासच्या सगळ्यांनी काळ्या विकून पांढऱ्या घेतल्या होत्या. काळ्यांचा नर आता एकच उरला होता, आत्याबाईंचा हेडमास्तर. दाढी तशी, चाल तशी, आणि येण्याची वर्दी गल्लीच्या टोकापर्यंत नाकानं मिळायची.

सोमवारी दूध केंद्रावरून कॅन परत आला. मंगळवारीही आला, आणि पाठोपाठ नाकाला रुमाल लावून तपासनीस आला.

"आत्याबाई, दुधाला बोकडाचा वास मारतोय."

"इतकी वर्षं नाही मारला तो?"

"माझं नाक खोटं बोलत नाही."

"नाक कुठे बोलतंय? तुम्ही बोलताय."

तपासनीस हसला नाही. "गुरुवारी जनावरांचा डॉक्टर केंद्रावर येतोय. बोकड खच्ची करून घ्या, नाहीतर दूध बंद. सगळ्यांनी एकच जात धरली, तुम्हीच कशाला अडून बसलाय?"

"सगळ्यांनी सोडली म्हणूनच अडून बसलेय!"

तो गेल्यावर त्यांनी कॅनमध्ये नाक घातलं. काही नाही. सुनेनंही घातलं. काहीच नाही. उठता-बसता हेडमास्तराच्या सहवासात दोघींची नाकं त्या वासाला सरावली होती. तपासनीस खरं बोलत असला तरी त्यांना ते कळणार नव्हतं. आणि हेडमास्तर खच्ची झाला, तर काळं करडू पुन्हा दिसणार नव्हतं.

त्यांनी कॅन उकळत्या पाण्यानं घासले, कासेवरचे केस कातरले. बुधवारीही दूध परत आलं.

गुरुवारी सकाळी पहिल्या पांढरीपाशी बसून त्यांनी कास पुसायच्या फडक्यासाठी चुकून दुसऱ्याच खिशात हात घातला. हाताला लागला मिठाचा खडा, एका बाजूनं चाटून गुळगुळीत झालेला. मिठाचे असे लाड फक्त हेडमास्तराचे होत.

"अगं, डगले उन्हात कधी घातलेस?"

"रविवारी. दोन्ही एकदम." सुनेनं खुंट्यांकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! उलटे टांगले वाटतं मी. आत्याबाई, माझ्यामुळे बिचाऱ्या हेडमास्तराला..."

"रडू नकोस, दूध नासेल. धुतलेली चादर आण."

चार शेळ्यांचं दूध त्यांनी तोच डगला घालून काढलं. मग डगला काढला, हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, अंगाला चादर गुंडाळली आणि उरलेल्या चारींचं दुसऱ्या कॅनमध्ये काढलं. हेडमास्तर जागच्या जागी रवंथ करत बघत होता.

केंद्रावर डॉक्टर खच्ची करायचा मोठा चिमटा टेबलावर ठेवून चहा पीत होता. आत्याबाईंनी दोन्ही कॅन तपासनिसापुढे ठेवले. "हुंगा."

पहिल्यावर त्यानं तोंड फिरवलं. "हाच तो वास!" दुसऱ्यापाशी तो थांबला, पुन्हा वाकला. "हे स्वच्छ आहे."

"शेळ्या त्याच, गोठा तोच, बोकड तिथेच. आता हे हुंगा." त्यांनी काखेतला डगला पुढे केला. तपासनीस दोन पावलं मागे सरला. डॉक्टरला चहाचा ठसका लागला.

"खुंटी चुकली होती आमची. त्यापायी बोकडाला खच्ची करायचं?"

तपासनिसानं दुसरा कॅन घेतला. पण नोंदवही उघडून लिहिलंच : 'दूध स्वीकारले. धोका कायम. महिन्याभरात बोकड हटवावा.' मग सहीसाठी वही त्यांच्याकडे सरकवली. आत्याबाईंनी चष्मा लावला, शेरा दोनदा वाचला आणि त्याच्याखाली गोल, सुट्या अक्षरांत लिहिलं : 'बोकड राहील.' खाली सही केली.

"असं लिहिता येत नाही, आत्याबाई!"

"आलं की." त्या डॉक्टरकडे वळल्या. "चिमटा आणलाच आहे तर चला. तांबड्यांचे दोन नर खच्ची करायचेत, मांसाला बरे. काळ्याकडे मात्र बघायचंसुद्धा नाही."

गल्लीच्या टोकाशीच डॉक्टरनं खिशातून रुमाल काढला.

"वास येतोय?" आत्याबाईंनी विचारलं.

"येतोय की! तुम्हाला नाही येत?"

"नाही. पण येऊ दे," त्या म्हणाल्या आणि भराभरा पुढे निघाल्या.