ठाण्याच्या नाणे प्रदर्शनातलं चार नंबरचं टेबल

जुनी नाणी जमवायला पैसे लागतात, वेळ लागतो आणि घरच्यांची सहनशक्ती लागते. किस्से मात्र फुकट जमतात आणि ठेवायला डबीसुद्धा लागत नाही. माझ्याकडे आता नाणी फारशी उरलेली नाहीत. बरीचशी देऊन टाकली, काही मुलांनी कुठे ठेवली ते मुलांनाच ठाऊक. किस्से तेवढे शाबूत आहेत. आणि त्यातले निम्मे एकाच रविवारचे आहेत.

तेव्हा आम्ही तिघंच होतो. आठल्ये मास्तर डोंबिवलीच्या शाळेत इतिहास शिकवायचे. प्रधान रेल्वेतले, ठाकुर्लीला राहायचे. आणि मी, लिमये, एका कचेरीत कारकून. दर रविवारी मास्तरांच्या ओटीवर बसून तीच तीच नाणी आम्ही एकमेकांना दाखवायचो आणि दर वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखे "वा!" म्हणायचो. ठाण्याला तलावाजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जिल्ह्यातल्या संग्राहकांचं प्रदर्शन भरायचं ठरलं, तेव्हा आम्हा तिघांना मिळून एक टेबल मिळालं. नंबर चार.

* * *

माझ्या संग्रहात सगळ्या शिवराया. तांब्याचं जाडसर नाणं. दीडदोनशे वर्षं मातीत पडलं की त्याच्यावर हिरवट-काळं पूट चढतं. लोकांना तो मळ वाटतो, पण संग्राहकाचा जीव त्या पुटात असतो. ते गेलं की नाण्याचं वय गेलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कचेरीतून घरी आलो. सगळ्या शिवराया पितळी ताटात मांडून ठेवलेल्या. देवघरातल्या समईपेक्षा लख्ख!

"उद्या चार लोकांत जायचंय ना?" आमची सुमती म्हणाली. "किती कळकट होत्या हो! चिंच, मीठ आणि थोडी रांगोळी. दुपारभर घासत होते, हात दुखले."

लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. तिच्या बोटांची सालं निघालेली. मी खाली बसलो. तिला वाटलं, मला भरून आलंय. आलंच होतं.

थोड्या वेळाने प्रधान आले. त्यांनी ताट बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"भावोजी, चहा टाकू?"

"नको वहिनी. आज घशाखाली उतरायचा नाही."

* * *

प्रधानांकडे राणीछाप चांदीचे रुपये होते. आणि खिसेकापूंची धास्ती होती. ठाण्यापर्यंत रुपये न्यायचे कसे, यावर त्यांनी आठवडाभर विचार केलेला. शेवटी चार पुडांचा जेवणाचा डबा काढला. खालच्या दोन पुडांत कापसावर रुपये, वरच्या दोनांत पोळी आणि बटाट्याची भाजी.

"चोर आला तर पोळी बघून परत जाईल," ते म्हणाले.

चोर काही आला नाही. प्रमुख पाहुणे आले. ठाण्याचेच एक निवृत्त न्यायाधीश. वेळेच्या तासभर आधी आले आणि येताच खुर्चीवर बसून म्हणाले, "मला जरा चक्कर येतेय. सकाळपासून पोटात काही नाही."

कार्यकर्त्यांची धावपळ उडाली. कुणाला तरी आमच्या टेबलावर डबा दिसला. प्रधान तेव्हा बाहेर नळावर हात धुवायला गेलेले. ते परत आले तेव्हा साहेब पहिला पूड संपवून दुसऱ्यावर होते. प्रधान जागच्या जागी थिजले. साहेबांनी भाजी संपवली, रुमालाने तोंड पुसलं आणि तिसरा पूड उघडला. कापूस उचलला. राणीने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी राणीकडे.

"प्रधान," साहेब डब्यावर कोरलेलं नाव वाचून शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे रोज असंच जेवण असतं?"

"नाही साहेब," प्रधान म्हणाले. "आज पाहुणे येणार म्हणून!"

* * *

उद्घाटन झाल्यावर न्यायाधीश टेबलं बघत निघाले. प्रत्येक टेबलापाशी त्यांचा एकच प्रश्न : "ह्याची आज किंमत काय येईल?"

आठल्ये मास्तरांना ह्या प्रश्नाचा मनस्वी तिटकारा. साहेब आमच्या टेबलापाशी आले, मास्तरांच्या एका नाण्यावर बोट ठेवून त्यांनी तेच विचारलं. मास्तर ताठ उभे राहिले. वर्गात पोरांना उभं करताना लागायचा तसा आवाज लावला.

"साहेब, किंमत विचारली की ते नाणं राहत नाही. त्याचा पैसा होतो!"

आजूबाजूच्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चष्मा वर केला आणि नाण्याखालची चिठ्ठी वाचली. मास्तरांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'पैसा. तांबे.'

* * *

मास्तरांच्या संग्रहातला कोहिनूर म्हणजे एक पितळी चकती. कल्याणच्या खाडीकाठी चिखलात सापडलेली. एका बाजूला झिजलेलं अक्षर, दुसऱ्या बाजूला तारा. दोन वर्षं त्यांनी त्या चकतीवर घालवली. चौदा पानांचा निबंध लिहिला. आम्हाला तो दोनदा ऐकवला. आम्ही तो ऐकला, कारण चहा त्यांच्याकडचा असायचा. चिठ्ठीवर लिहिलं : 'अज्ञात राजवंश. बहुधा दर्यावर्दी.'

दुपारच्या सुमारास एक साठीचे गृहस्थ टेबलासमोर येऊन उभे राहिले. धोतर, कोट, पायात गिरणीतला माणूस घालतो तसे जाड बूट. ते चकतीकडे एकटक बघायला लागले. मास्तरांना असा श्रोता कधी मिळाला नव्हता. त्यांनी तारा म्हणजे दर्यात दिशा दाखवणारा तारा, इथपासून सुरुवात केली आणि त्या राजघराण्याचा अस्त कसा झाला असावा, इथपर्यंत आले. वीस मिनिटं! गृहस्थ हात बांधून ऐकत होते.

"असेल मास्तर, तसंही असेल," शेवटी ते नम्रपणे म्हणाले. "आमच्या गिरणीच्या कँटीनमध्ये ह्याच्यावर एक चहा मिळायचा."

मी प्रधानांकडे बघितलं नाही. प्रधानांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि तारा?" मास्तरांनी विचारलं.

"तारा असला की साखर जास्त."

मास्तरांनी चकती उचलून खालची चिठ्ठी पुढे ओढली. मग खिशातून पेन काढून त्यांनी चिठ्ठीवरचा 'अज्ञात' शब्द खोडला. बाकीचं तसंच ठेवलं.

* * *

माझ्या शिवराया मी त्याच पितळी ताटात, टेबलाच्या कडेला, जमेल तितक्या लपवून ठेवल्या होत्या. पण सुमती जेवण घेऊन आली आणि तिने ताट पुढे ओढून त्याच्याखाली लाल खण घातला. "एवढं घासलंय ते दिसू दे की!"

मग ते दिसायलाच लागलं. एक आजी आल्या. लाल खण, पितळी ताट, चकाकणारी नाणी. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, नमस्कार केला आणि ताटात एक आणा ठेवला. त्यांच्या मागच्या बाईंनी ते बघितलं, त्यांनीही ठेवला. त्यांच्या मागे रांग. थांबवणार कसं? त्या दिवशी अख्ख्या प्रदर्शनात संग्रहात भर पडलेला मी एकटाच.

तेवढ्यात परीक्षक आले. मुंबईचे, मोठे जाणकार, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी एक शिवराई उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या खोट्या आहेत. नव्या पाडलेल्या."

आजूबाजूचे लोक जवळ सरकले. आमच्या लोकांत हा शब्द चोर म्हणण्यापेक्षा वाईट. सांगणार काय? खरं सांगायची तर जास्तच लाज!

"खोट्या कशा असतील?" सुमती पुढे झाली. तिला आता खरोखर राग आलेला. "मी स्वतः घासल्यात! दोन-दोनदा चिंच लावली तेव्हा कुठे काळं निघालं!"

परीक्षकांनी भिंग खाली सोडलं. टेबलाला वळसा घालून ते माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माफ करा, लिमये. मला कल्पना नव्हती. कधी झालं हे?"

"काल दुपारी," मी म्हणालो.

* * *

प्रदर्शनात विक्रीला बंदी होती. अदलाबदल चालायची. आणि अदलाबदलीत प्रधानांइतका चिवट माणूस जिल्ह्यात नव्हता. फुकट त्यांनी कुणाला कधी वाटाण्याएवढं नाणं दिलेलं कुणाला आठवत नव्हतं.

त्या दिवशी त्यांची गाठ कल्याणच्या एका डॉक्टरांशी पडली. डॉक्टरही तसेच. सकाळी प्रधानांनी एक रुपया देऊन डॉक्टरांकडून दुसरा घेतला. तासाभराने डॉक्टर परत आले, वरती एक अधेली, म्हणजे अर्धा रुपया, मागायला लागले. प्रधानांनी अधेली दिली आणि एक चार आण्यांची पावली काढून घेतली. जेवणानंतर पुन्हा बसले. भिंग, तराजू, टोमणे, मध्येच एकदा अबोला. तीन वाजता दोघं हसत उठले.

"कसं काय?" मी विचारलं.

"गुंडाळला डॉक्टरला!" प्रधान म्हणाले आणि मूठ उघडून दाखवली. मुठीत त्यांचाच सकाळचा रुपया होता. पलीकडे डॉक्टर आपल्या बायकोला मूठ उघडून दाखवत होते.

* * *

चारच्या सुमाराला गर्दी ओसरली. डोंबिवलीच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातला माणूस दारातून आत आला. काशिनाथ त्याचं नाव. पन्नाशीचा, मिठागरावर कामाला, उन्हाने रापलेला. डोक्याला रुमाल. तो पहिल्या टेबलापासून प्रत्येकाला एकच विचारत येत होता.

"नाक्याचा रुपया हाय का?"

आगरी बायकांच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ असायची. ओवता यावा म्हणून सोनार रुपयाला नाकं, म्हणजे कडी, डाग देऊन बसवायचा. संग्राहकाच्या दृष्टीने असा रुपया बाद. तीनही टेबलांवर त्याला "असला माल आम्ही ठेवत नाही" असंच उत्तर मिळालेलं.

प्रधानांकडे मात्र एक होता. राणीछाप रुपयांची त्यांची रांग सालावार लावलेली होती, एकही साल न गाळता. बावीस वर्षं खपून लावलेली. त्यातल्या एका सालाचा रुपया त्यांना कुठे म्हणता कुठे मिळाला नाही. मिळाला तो नाक्याचा. रांग तुटू नये म्हणून नाकं वरच्या बाजूला कापसात दडवून त्यांनी तो बसवलेला.

तिथला कापूस उंचावलेला बघून काशिनाथने तो बरोबर ओळखला.

"जरा बघू का?"

प्रधानांनी रुपया काढून दिला. काशिनाथने तो डोळ्यांजवळ नेला नाही. नाक्याखाली अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला.

"दोन टिंबं हायेत," तो म्हणाला. "माजे आयेचे माळेतला हाय."

प्रधानांनी रुपया परत घेऊन भिंगाखाली धरला. नाक्याखाली दोन बारीक टिंबं होती. "टिंबं कुणी मारली?"

"आयेनं. सोनाराकडून. काकीची माळ पन तशीच व्हती ना. भांडनं नको." तो थांबला. "लढाईचे वरसाला घरान तांदूळ नव्हता, तवा मोडली माळ. सात रुपये व्हते. सा गावले, ह्यो सातवा. कल्यानला, भिवंडीला, एक तर शेजारच्या गावान नवरीचे गळ्यान गावला."

"आई आहे?" मास्तरांनी विचारलं.

"हाय. डोलं गेलं. बोटानं वलखते."

मी प्रधानांच्या रांगेकडे बघितलं. बावीस वर्षांची रांग.

"काय घ्याल सांगा," काशिनाथ म्हणाला.

"विक्रीला बंदी आहे," प्रधान कोरडेपणाने म्हणाले. "अदलाबदल. तुमच्याकडे काय आहे?"

काशिनाथचा चेहरा उतरला. त्याने रुमालाची गाठ सोडली. सुपारी, परतीचं तिकीट आणि एक नवा पैसा. नवे पैसे त्या वर्षी नुकतेच निघालेले. हा तर अजून कुणाच्या हाताचा डाग न लागलेला, चकचकीत.

"ह्यो हाय. नातवाला दाखवाला ठेवलाय."

प्रधानांनी तो पैसा घेतला. दोन्ही बाजू भिंगाखाली बघितल्या. कडा तपासली. डॉक्टरांचा रुपया बघितला होता तितकाच वेळ लावला. मग मान हलवली.

"हा काही बरोबरीचा सौदा नाही."

"मंग ऱ्हाऊं द्या," काशिनाथ हळूच म्हणाला आणि पैशासाठी हात पुढे केला.

"माझा फायदा जास्त होतोय," प्रधान म्हणाले. "पण तुम्ही पुढे केलात, मी घेतला. आता मागे घेता यायचं नाही." आणि त्यांनी रुपया त्याच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटवली.

काशिनाथ तसाच उभा राहिला. मग मूठ छातीशी धरून गेला. दारापर्यंत नीट चालत गेला आणि बाहेर पडल्यावर धावत सुटला, ते आम्हाला खिडकीतून दिसलं.

प्रधानांनी राणीच्या रांगेतला रिकामा खण पुसला, त्यात कापूस नीट केला आणि तो नवा पैसा बसवला.

आवराआवर चालू असताना मुंबईचे परीक्षक शेवटची फेरी मारत आले. रांगेवरून भिंग फिरवत फिरवत मध्येच थांबले.

"प्रधान, हे काय? राणीच्या रुपयांत हा नवा पैसा? अहो, असले चार माझ्या खिशात आहेत!"

प्रधान डब्याचे पूड एकावर एक चढवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चारही दिलेत तरी हा मिळायचा नाही."