माशांचं जेवण झालं आहे

मुलांच्या ऑपरेशन वॉर्डाबाहेर, नातेवाईक बसतात तिथे खिडकीला लागून माशांची एक टाकी होती. कागदोपत्री ती इस्पितळाची, पण खरी मालकी मावशींची. मावशी म्हणजे त्या वॉर्डातल्या आया. चादरी बदलण्यात, भांडी उचलण्यात आणि रडणाऱ्या पोरांना कडेवर घेऊन येरझाऱ्या घालण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. चाल भराभर, आवाज खणखणीत, आणि रागावल्या की जिभेला हाड नाही.

टाकी एका बऱ्या झालेल्या मुलाच्या आजोबांनी भेट दिलेली. पहिल्याच वर्षात तिच्यातले मासे तीनदा मेले. सकाळी मावशी दाणे टाकायच्या, दुपारी सिस्टर टाकायच्या, संध्याकाळी दारावरचे राखणदार मामा टाकायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं, बाकीच्यांना कसली आलीय आठवण! शेवटी मासे विकणाऱ्यानं मावशींना चांगलंच फैलावर घेतलं.

"हे सोनेरी मासे जन्माचे भुकेले, मावशी. काचेजवळ माणूस दिसला की तोंड उघडून येणारच. त्यांच्या तोंडाकडे बघून द्यायचं नसतं. दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच, दिवसातून एकदा. उरलेलं तळाशी कुजतं आणि त्या पाण्यात त्यांचा जीव घुसमटतो."

त्या दिवसापासून मावशींनी दाण्यांचा डबा स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केला आणि काचेवर पाटी लावली: 'माशांचं जेवण झालं आहे. काही टाकू नये.' पाटी पहाटेसुद्धा तेच सांगायची, जेवणाच्या आधीही. कुणी चूक दाखवली की मावशी म्हणायच्या, "खोटं तर खोटं, जीव तर वाचतात!"

त्या वर्षी सहा नंबरच्या खाटेवर पाच वर्षांची एक मुलगी आली. आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टरांनी खराब झालेला तुकडा काढून टाके घातले, आणि सांगितलं की तोंडानं काही म्हणजे काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. सगळं सलाईनमधून. मुलीबरोबर फक्त तिची आई होती. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी, बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. पोरगी दिवसभर खायला मागायची आणि ही तिचे ओठ ओल्या कापसानं पुसत राहायची.

मुलीसमोर तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही, म्हणून ती बिस्किटांचा पुडा घेऊन बाहेर टाकीपाशी येऊन बसायची. तिसऱ्या दिवशी मावशींनी तिला पाहिलं तेव्हा ती बिस्किटाचा चुरा पाण्यात सोडत होती.

"अगं बाई, पाटी वाचता येत नाही का?"

"किती आशेनं बघतात हो," ती ओशाळून म्हणाली.

"आशेनं नाही, सवयीनं. त्यांना आत्ताच दिलंय मी. बिस्किटानं पाणी नासतं. पुन्हा टाकू नकोस."

तिनं मान हलवली. मावशींना वाटलं, विषय संपला.

दोनच दिवसांनी मावशींच्या भावाचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. चार दिवसांची रजा घेणं भाग होतं. गोळ्या बांधायच्या कागदात चिमूट चिमूट दाणे घालून त्यांनी दोन पुड्या केल्या आणि राखणदार मामांच्या हातात दिल्या.

"चार दिवसांत दोनच. एक उद्या, एक परवाच्या दुसऱ्या दिवशी."

"बाकीचे दिवस उपाशी?" मामा दचकलेच.

"काही होत नाही. धडधाकट मासा चार दिवस न खाता आरामात काढतो. विसरलात तरी चालेल, पण दया येऊन जास्त टाकलंत तर बघा!"

भावाकडे त्या देहानं होत्या, मन टाकीत. डोळ्यात थेंब घालता घालताही डोक्यात मासेच. भाऊ वैतागून म्हणाला, "ताई, माझ्या डोळ्यापेक्षा तुला त्या माशांची काळजी!"

पाचव्या दिवशी सकाळी कामावर आल्या त्या वॉर्डात न जाता आधी टाकीकडेच. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. तळाच्या खड्यांवर बिस्किटांचा लगदा साचून त्याला बुरशी धरली होती. चार माशांपैकी दोन पोटं वर करून तरंगत होते आणि उरलेले दोघे पृष्ठभागाशी येऊन हवेसाठी तोंडं उघडमीट करत होते.

मामा हात जोडूनच पुढे आले. "मी दोनच पुड्या टाकल्या, शपथ. पण ती सहा नंबरची आई..."

तेवढ्यात ती जिन्याकडून येताना दिसली. केस विस्कटलेले, चेहरा ओढलेला. मावशींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मेलेला मासा तळहातावर घेऊन त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"बघ! तुझ्या हातानं मेलेत हे. बजावलं होतं ना तुला? माया करायचीही अक्कल लागते!"

बाईनं माशाकडे पाहिलं, मग मावशींकडे. भिंतीला धरून ती बाकावर बसली.

आतून सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी मावशींना कोपऱ्यात ओढलं. "अहो, काय बोलताय! काल पोरीला ताप चढला, पोट फुगलं. आतले टाके सुटलेत. आत्ता पुन्हा ऑपरेशनला नेलंय. ती तिला दारापर्यंत सोडून आलीय."

मावशींची मूठ हातातल्या माशावर मिटली. त्यांनी नळी आणली, तळाचा लगदा ओढून काढला, टाकीतलं तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी बादलीत सोडलं आणि क्लोरीन उडावं म्हणून शिळं करून ठेवलेलं पाणी हळूहळू ओतलं. सगळं पाणी एकदम बदललं तर उरलेलेही दगावतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. हात काम करत होते, कान मात्र मागच्या बाकाकडे लागले होते.

बऱ्याच वेळानं ती आपणहून बोलली.

"मी तिला काही दिलं नाही, मावशी. देवाशपथ, एक कणही नाही. परवा ती माझी बाही धरून म्हणाली, आई, एकच घास. मी पुडा फोडला होता. हात तिच्या तोंडापर्यंत नेला होता. मग तशीच उठले, इथे आले आणि अख्खा पुडा इथे रिकामा केला. हात शिवशिवला की रोज इथेच यायचे. इथे कुणीतरी खात तरी होतं."

मावशींनी नळी बादलीत ठेवली.

"तरी टाके सुटले," ती म्हणाली. "मग माझं चुकलं कुठे?"

"तुझं काही चुकलं नाही गं," मावशी म्हणाल्या. पण मघाच्या बोलण्यापुढे हे वाक्य त्यांचं त्यांनाच पोकळ वाटलं.

दुपारी मुलीला बाहेर आणलं. तीन दिवस अतिदक्षता विभागात गेले. त्या तीन दिवसांत तिच्या आईला बसवेना, म्हणून मावशींनी तिला कामाला लावलं. पाणी भरून आणायचं, शिळं व्हायला ठेवायचं, रोज थोडंथोडं बदलायचं. दोन दिवस दाणे पूर्ण बंद. तिसऱ्या दिवशी मावशींनी तिच्या तळहातावर चिमूटभर दाणे ठेवले तेव्हा तिनं हात मागे घेतला. "नको. मला नाही जमायचं." मावशींनीच ते टाकले. तोवर तिसरा मासाही गेला होता. एकच उरला, तोही एका कुशीवर कलून पोहायचा.

दुसऱ्या ऑपरेशननंतर नवव्या दिवशी मुलीला पहिला चमचा पाणी मिळालं. आईनं चमचा धरला, पण तो तोंडापर्यंत नेईना, शेवटी सिस्टरनीच लावला. पुढे पातळ, मग थोडं दाट, असं करत महिन्याच्या आत मुलगी घरी जाण्याजोगी झाली. वजन मात्र फार उतरलं होतं, आणि डॉक्टरांनी पुन्हा त्रास होऊ शकतो हे लपवलं नव्हतं.

जायच्या दिवशी मावशींनी त्यांची पिशवी लिफ्टपर्यंत उचलून नेली. आदल्या दिवसापासून एक वाक्य मनात घोळत होतं. बावीस वर्षांत त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती, कशी मागायची तेच कळेना. "जपून जा. भूक भूक करेल, पण डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच दे," एवढंच त्या बोलून गेल्या, आणि बोलताच जीभ चावली.

बाईनं पिशवी घेतली, पोरीला खांद्यावर सावरलं, मान हलवली आणि लिफ्टमध्ये शिरली.

दार बंद झालं. मावशी रिकाम्या हातांनी तिथेच उभ्या होत्या. मग वॉर्डातून कुणाचं तरी पोर रडू लागलं, तशा वळल्या.