हात मागे ठेवून घेतलेली परीक्षा

मोबाइलवर बोट टेकवण्याआधी आमचे शेजारी चष्मा कपाळावर सरकवत आणि पडद्यालाच विचारत, “आता कुठी दाबू?” उत्तर सापडलं नाही, तर चूक पडद्याची. तुम्ही-आम्ही अशा वेळी स्वतःलाच अडाणी ठरवतो. त्यांनी ते कधी केलं नाही.

मूळचे वर्ध्याकडचे. इकडे हिंदी मुलखात पोलाद कारखान्यात रोलिंग मिलचं कंट्रोल पॅनल चालवत निवृत्त झाले आणि स्मृति नगरात आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहिले. इमारतीला लिफ्ट नाही. मी वर्तमानपत्रातला, म्हणून वेबसाइटींबद्दलच्या त्यांच्या तक्रारी माझ्याकडे येत. अक्षरं इतकी फिकी की पान कोरं वाटतं. वाचायला घ्यावं तर जाहिरात आडवी.

जवळच्या जुनवानी वस्तीतल्या वहिनी म्हणजे त्यांच्या दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्याआधी निवृत्तांच्या संस्थेचं हेल्थ कार्ड नवं करायचं होतं, तेही फक्त वेबसाइटवरून. तीनदा वहिनींनी अर्ज भरला. तिन्ही वेळा एखादा रकाना चुकला आणि सगळा अर्ज कोरा झाला. कोणता रकाना, ते कळेना. ऑपरेशन राहू द्या, म्हणाल्या, “मलेच जमत नाई, भाऊजी.”

मी भरून देतो म्हणालो. शेजाऱ्यांनी मला थांबवलं. “अन् बाकीच्या बायांचं कोन भरन?”

वेबसाइट वैशाली नगरातल्या एका छोट्या कंपनीनं बनवली होती. आम्ही तिघं तिथे गेलो. डिझायनर मुलगी मराठी घरातली, पण बोलली हिंदीत: अंकल, लोगों को थोड़ा सीखना पड़ेगा.

ते शांतपणे म्हणाले, “आमच्या मिलमधे नवं पॅनल आलं, की बनवनारा हात मागं घेऊन उभा राहे. चालवनारा चालवे. अडला, तर पॅनल वापस. तू बी उभी राय, बेटा. बोलायचं नाई.”

वहिनी भरू लागल्या. दोनदा मुलीचा हात पुढे आला. दोनदा ते म्हणाले, “हात मागं.” जन्मतारखेपाशी अर्ज पुन्हा कोरा झाला. वहिनींनी ओशाळून मुलीकडे पाहिलं.

“नाही काकू,” मुलगी म्हणाली. या वेळी मराठीत. “हे मीच असं बनवलंय.”

तिनं दुसऱ्या दिवशी बोलावलं. अक्षरं काळी झाली होती, जाहिरात गेली होती. चुकलेला रकाना तेवढा लाल होई, बाकीचं भरलेलं तसंच राही. वहिनींनी कुणाला काही न विचारता अर्ज भरला. ‘आपला अर्ज मिळाला’ ही ओळ त्यांनी मोठ्यानं दोनदा वाचली. त्या आठवड्यात जुनवानीतल्या किती जणींना त्यांनी शेजारी बसवून अर्ज भरायला लावला, ते मी मोजलं नाही. ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं.

गेल्या वर्षी ते गेले. तेरवीला वहिनी आल्या. खुर्चीत बसवून वर न्यायला माणसं बोलावतो, मी म्हणालो, त्यांनी नको म्हटलं. कठड्याला हात न लावता त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या. मधे कुठे थांबल्या नाहीत.