बरणीतले मासे

माझं माहेर हिवरखेडचं, त्यामुळे तिथल्या बाजारात अधूनमधून जाणं होतं. तिथे फवारणीचं औषध विकणारा एक माणूस बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, विचारायची इच्छाच झाली नाही. कोरलेली मिशी, शर्टाच्या खिशात कंगवा आणि टेबलावर काचेची बरणी. बरणीत बाजारामागच्या नाल्यातून धरून आणलेले मासे. गिऱ्हाईक जमलं की तो मिशीवरून बोट फिरवायचा आणि बरणीत औषधाचा एक थेंब सोडायचा. मासे वर येऊन तोंडं उघडायचे, तडफडायचे, मग आडवे व्हायचे.

"मासा मेला म्हनजे माल वरिजनल!"

लोक माना डोलवत बाटल्या घ्यायचे.

अकोल्याला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही याच औषधानं मासे मरतात. किती थोड्या औषधानं मरतात ते आम्ही मोजतो, ते कशासाठी? तेवढंही कुणी पाण्यात सोडू नये म्हणून! आणि हा त्याच मरणाची जाहिरात करायचा, वर ती बरणी नाल्यातच रिकामी करायचा. मी भर बाजारात भांडले, तर हसला.

"मॅडम, चार माशाईनं काय होते?"

परवा गेले, तर बरणीत नुसतं पाणी. मला पाहून तो चक्क उठून उभा राहिला.

"मॅडम, तुमच्या कॉलेजात मासे असतीन नं? दोन-चार द्या मले. नाल्यातले सारे संपले. काहून संपले, काय मालूम!"