भुलेश्वरच्या वाटेवर सत्तरला थरथरणारी गाडी

भुलेश्वरला जायचं ठरलं ते देवासाठी नाही, सायलीच्या वडिलांसाठी, आप्पांसाठी. सायली माझी कॉलेजातली मैत्रीण. म्हणजे कॉलेज तिचं चालू आहे. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षी एका सरांशी भांडून बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. मैत्रीण हा शब्दही पुरेसा नाही, पण हा ब्लॉग आई वाचते.

आप्पांची लोणी काळभोरला उसाची शेती. माझ्याबद्दलचं त्यांचं मत सायलीने जसंच्या तसं ऐकवलं होतं: "जे पोरगं कालेज अर्ध्यात टाकतं, ते उद्या संसार बी अर्ध्यात टाकंल." घरात स्थळं बघणं सुरू झालं होतं. म्हणून तिनेच बेत आखला.

"आप्पांना भुलेश्वरला जायचंय. तू गाडी काढ. दिवसभर त्यांच्यासोबत राहा. फक्त एकदाही भडकू नकोस. भडकलास तर मी पुढे तुझी बाजू कशी घेऊ?"

"मी कधी भडकतो?" मी भडकून विचारलं.

बाबांची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. आदल्या दिवशी तिला शाम्पू लावून अंघोळ घातली, पॉलिश मारलं, आरशासारखी केली. कोथरूडहून निघणार असाल तर उजाडताच निघा. हडपसर एकदा जागं झालं की भुलेश्वर दुपारीच दिसेल. मी वेळेत लोणीला पोचलो. आप्पा टोपी सारखी करत पुढच्या सीटवर बसले, सायली मागे.

"गाडी धुतलीय जनू."

"हो आप्पा."

"वरनं."

पहिला टोला मी गिळला.

उरुळी कांचन मागे पडलं आणि टिक-टिक सुरू झाली. वेग वाढला की आवाजही भरभर.

"बेअरिंग गेलं!" मी जाहीर करून टाकलं.

"कशावरून?" मागून सायली. "तू ना, परीक्षेतही प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहायचास. आधी ऐक तरी."

मग ऐकलं. (जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा.) रस्ता मोकळा बघून क्षणभर न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, टिक-टिक तशीच. म्हणजे दुखणं इंजिनाचं नाही, चाकाचं. बेअरिंग गेलं की घुंघुं असा आवाज येतो आणि वळणावर तो कमीजास्त होतो. इथे घुंघुं नाही, वळणाचाही फरक नाही. झाडाखाली थांबून डाव्या चाकामागे वाकलो, तर तिथे तार! आईने दसऱ्याला बंपरला बांधलेल्या झेंडूच्या माळेची. फुलं केव्हाच गळली होती, तार आत गुंडाळली गेली होती आणि सुटं टोक दर फेरीला पत्र्यावर आपटत होतं.

"दसरा कवाच झाला की," आप्पा म्हणाले. "सोनं वाटायचं ऱ्हायलंय का?"

तार काढली. यवतला मिसळ खाल्ली. तिखट, पण रस्सा मागाल तितका. इथे पोट भरून घ्या, वर देवळापाशी फारसं काही मिळत नाही. हात धुताना मी मनातल्या मनात लग्नाचा हॉलही ठरवून टाकला.

आवाज गेला तेव्हा दुसरं दुखणं कळलं. साठपर्यंत गाडी शहाणी, सत्तरला स्टिअरिंग हातात थरथरायचं.

"इंजिनेरसायेब, ही गाडी चालती का नाचती?"

कानशिलं तापली. आरशात सायलीचे डोळे दिसले. भडकण्याऐवजी विचार केला. थरथर सीटमध्ये नाही, फक्त स्टिअरिंगमध्ये, म्हणजे पुढची चाकं. ब्रेक दाबल्यावर वाढत नाही, म्हणजे ब्रेकचं काही नाही. थांबून टायरवरून हात फिरवला, कुठे फुगवटा नाही. नट घट्ट. मग चाकाचा तोल गेला कशाने?

"घावंना?" आप्पांनी काच खाली केली. "आता त्येचंच एक वरीस शिकायचं ऱ्हायलं आसंल."

मी टायरला लाथ मारली. जोरात.

सायलीने कपाळाला हात लावला. आप्पांनी काच वर घेतली. तेवढ्यात चाकाच्या आतून तळहाताएवढं ढेकूळ रस्त्यावर पडलं. मी रिमच्या मागे हात घातला. एका बाजूला चिखल वाळून दगड झाला होता. बाहेरून चाक लखलखत होतं.

आप्पा उतरले. ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. आत उसाचं पाचट.

"हितं समदा मुरूम हाय. ही काळी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही आमची माती. परवा पाटाचं पानी सोडलं हुतं, थितली. कवा आलतास?"

सायली एकदम यवतच्या दिशेला काय आहे ते बघू लागली. मला तीन-चार थापा सुचल्या. एकही धड नव्हती.

"बुधवारी. सायलीला भेटायला. शेतामागून आलो आणि गाडी रुतली."

"ट्रॅक्टर तर म्या न्हेला हुता. मग काडली कुनी?"

"मीच. जॅक लावून चाकाखाली पाचट कोंबलं. निघेना. परत कोंबलं. दुपार गेली."

"सोडून न्हाई गेलास?"

"कुठे जाणार? ती पण उन्हात उभी होती."

आप्पांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. मग धोतर खोचून चाकापाशी बसले. "पाना आन. बघत काय ऱ्हायलास? तू हिकडनं खरवड."

दोघांनी मिळून दोन्ही चाकं साफ केली. नंतर सत्तरला गाडी लोण्यासारखी. वरचा घाट अरुंद आहे, हॉर्न वाजवत जा. देवळात आधी मिट्ट काळोख, मग डोळे सरावले की दगडातल्या मूर्ती एकेक करून बाहेर येतात. घाई केलीत तर काहीच दिसणार नाही. मी बराच वेळ उभा होतो.

संध्याकाळी लोणीला उतरताना आप्पांनी दार लावलं आणि पुन्हा काचेशी वाकले.

"लाथ मारलीस म्हनून घावलं. पर पुढल्या येळी आदी हात घालून बग. आन शेतामागनं येऊ नगं. दारातनं ये."

दुसऱ्या दिवशी मी खाली आडवा होऊन पाइपने चाकं आतून धूत होतो. बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"गाडी आतून धुतोयस? बरं वाटत नाहीये का?"

बरं वाटतंय. येत्या रविवारी लोणीला चाललोय. दारातून.