भिजलेला रावण आणि मामांची साक्ष

आगीच्या बंबावर उभी हयात गेली, पण गावानं आम्हाला आग विझवायला कमी आणि इतर भानगडींना जास्त बोलावलं. विहिरीत शेळी पडली, बोलवा बंब. वडाला मोहोळ बसलं, बोलवा बंब. कुणा मोठ्या माणसाचं हेलिकॉप्टर उतरायचंय, धूळ उडेल, मारा पाणी. एकानं तर लेकीच्या लग्नात टँकर आला नाही म्हणून फोन केला आणि वर मलाच दम दिला, "येत काहून न्हाई? पाणी तर हाय ना तुमच्यापाशी?" मी कामगार संघटनेचा अध्यक्ष. मी म्हणालो, लेखी द्या. ही सवय इतकी मुरली आहे की आता निवृत्तीनंतर बायको दळण आणायला सांगते तेव्हाही तोंडातून तेच निघतं. ती म्हणते, "देते की. तुमीबी मंग जेवायचं लेखीच द्या."

अध्यक्ष म्हणजे फार मोठं प्रकरण समजू नका. नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात आम्ही मूठभर माणसं, आणि ड्रायव्हरमामा सोडले तर सगळे रोजंदारीवर. मीसुद्धा. मागणी एकच, आम्हाला कायम करा. रोजंदारीचा माणूस निवृत्त होत नाही. त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतात, एवढंच. आजारी पडला तर हजेरी बुडते, भाजला तर दवाखाना ज्याचा त्यानं बघायचा. माझे सासरे आखाडा बाळापूरचे. दर सणाला चारचौघांत विचारायचे, "जावईबापू, लागले का मंग नोकरीला?" मी तेव्हा गणवेशात उभा असायचो.

ड्रायव्हरमामा आमच्यात वयानं मोठे आणि कायम नोकरीवरचे ते एकटेच. त्यांची एक गोष्ट आम्ही जिवापाड जपली होती. मामांना ऐकू येत नव्हतं. डोक्यावर भोंगा वाजवत इतकी वर्षं गाडी हाकली, कान गेले. पण देवानं एक काढून दुसरं दिलं होतं. मामा ओठ वाचायचे. हॉटेलात पलीकडच्या टेबलावर कोण कुणाची निंदा करून राहिला ते आम्हाला चहा संपेपर्यंत कळायचं. वैद्यकीय तपासणीत डॉक्टर मामांच्या पाठीमागून हळूच काहीतरी बोलायचे. मी दारात, मामांच्या समोर उभा राहून तेच शब्द आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणायचो. मामा खणखणीत उत्तर द्यायचे. डॉक्टर म्हणायचे, या वयात काय कान आहेत!

तर त्या वर्षी दसऱ्याला गावात मोठा रावण उभा राहिला. दहन करायला आमच्या भागातले मोठे पुढारी येणार होते. मी हार घेऊन आधीच त्यांना गाठलं. ते म्हणाले, "रावण पेटला की माइक हातात घेतो आणि तुमच्या कायमचं तिथंच जाहीर करतो." मी हे सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी बंब असा धुतला की आरशासमोर दाढी करावी तशी मी त्याच्या दारात बघून केली.

आता आमच्या कामाची एक रीत आहे. कडब्याची गंजी पेटली तर तिच्यावर पाणी वाया घालवायचं नाही, ती जाणारच. आधी शेजारची गंजी भिजवायची. त्याच रीतीनं आम्ही मैदानात उतरलो. रावणाशेजारचं स्टेज भिजवलं, मांडव भिजवला, काटेरी कुंपण भिजवलं. पुढारी बघणार म्हटल्यावर पोरांना जोर चढला होता. तेवढ्यात वारा फिरला आणि नळीचं पाणी फवारा होऊन सगळं रावणावर गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. टाकी रिकामी झाली तेव्हा आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

पुढारी आले. त्यांनी पेटता बाण सोडला. बाण रावणाच्या छातीला लागला आणि चर्र करून विझला. दुसरा सोडला, तोही विझला. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "ह्यो रावण रामाला ऐकत न्हाई!" पुढाऱ्यांना पुढं औंढ्याला आणखी एक रावण जाळायचा होता, ते घड्याळ बघायला लागले. रावण पेटल्याशिवाय माइक नाही, आणि माइक नाही तर आम्ही जन्मभर रोजंदारीवर. आग विझवणारा माणूस आग लागावी म्हणून नवस बोलतोय, हे त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

मग मी बंबाची शिडी लावली. भिजलेली गंजीसुद्धा पोटात कोरडी असते, हे आमच्यातल्या कुणालाही सांगायची गरज नव्हती. वर चढलो, रावणाचं पोट फाडलं, आत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या कोंबल्या आणि काडीपेटी मागितली. खाली सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बंबावर विडी ओढायची नाही हा नियम संघटनेच्या बैठकीत मीच करून घेतला होता. शेवटी मामांनी टोपी काढली आणि टोपीच्या आतून काडीपेटी निघाली. मी त्यांच्याकडे रोखून बघितलं. ते म्हणाले, "मला बैठकीत ऐकू आलं नव्हतं."

रावण पेटला. पुढाऱ्यांनी माइक घेतला, तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी रावणाच्या पोटातले सगळे फटाके एकदम उडाले. धुराचा लोट थेट स्टेजवर. कानठळ्या बसल्या, लेकरं रडायला लागली. धुरातून पुढाऱ्यांचे ओठ हलताना दिसत होते, हातही हलत होता, पण ऐकू मात्र एक अक्षर नाही. आवाज थांबला तोवर ते हात जोडून, खोकत गाडीत बसले होते. एवढं मोठं मैदान भरलेलं आणि ते काय बोलले ते सांगणारा एक माणूस नाही. मी भिजलेल्या स्टेजच्या पायरीवर डोकं धरून बसलो.

मामा येऊन शेजारी बसले. "रडतो कशाला? म्हणला की त्यो. सगळ्याइला कायम करतो म्हणला."

"मामा, खरं?"

"मी बघितलं ना. ओठ बराबर दिसत व्हते."

मी उठून मामांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौकात फलक लावला: पुढाऱ्यांचा हसरा फोटो आणि खाली, आम्हाला कायम केल्याची घोषणा केल्याबद्दल जाहीर आभार. स्वतःच्या आभाराचा फलक खोटा आहे असं म्हणणारा पुढारी अजून जन्माला यायचाय. त्यांनी फोन करून फोटो चांगला आलाय, एवढंच सांगितलं.

मुख्याधिकारी मात्र खमके होते. त्यांनी आम्हाला बोलावून विचारलं, "घोषणा ऐकली कुणी?" मी मामांना पुढं केलं. साहेब म्हणाले, "एवढ्या फटाक्यांत तुम्हालाच कसं ऐकू आलं?"

मी मामांना मागून चिमटा काढला, कारण ह्याचं खरं उत्तर दिलं तर नोकरी जाईल. मामांनी माझा हात झटकला. "साहेब, मला ऐकूच येत न्हाई. मी ओठ वाचतो."

मुख्याधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. ते खोलीच्या पार कोपऱ्यात गेले आणि तिथल्या बाबूच्या कानात पुटपुटले. मामा इकडून म्हणाले, "साहेब म्हणून राहिले की ही पीडा कवा जाती इथून." बाबूनं फाईलमागे तोंड लपवलं. साहेब लाल झाले. पण साक्ष टिकली, प्रस्ताव वर गेला, मागोमाग मी चकरा मारल्या, उपोषणाला बसलो, आणि आम्ही सगळे कायम झालो. सासऱ्यांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "म्हंजे इतके दिवस काय करीत व्हते?"

मामांचं मात्र वाईट झालं. बहिऱ्या माणसाच्या हातात बंब देता येत नाही, हे बरोबरच होतं. त्यांना कचेरीच्या दारात स्टुलावर बसवलं. पगार तोच होता, पण बंब भोंगा वाजवत निघाला की मामा उठून उभे राहायचे आणि गाडी वळेपर्यंत बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही. मी त्या वेळी दुसरीकडं तोंड करायचो.

मागच्या महिन्यात मी निवृत्त झालो. रीतसर, शाल-नारळ घेऊन. मामा सिद्धेश्वर धरणाकडच्या त्यांच्या गावाहून आले होते. आता ते शेळ्या राखतात. कार्यक्रम उरकल्यावर आम्ही दोघं बंबासमोरच्या बाकावर बसलो. मामांनी इकडंतिकडं बघितलं.

"अध्यक्ष, आता तुला कोणी काढू शकत न्हाई ना?"

"आता कोण काढतंय? आजपासून घरीच."

"मंग सांगतो. रावणाच्या दिवशी त्यो पुढारी कायमाचं काईच बोलला नव्हता."

मला आधी कळेचना. "मंग ओठ तर हलत व्हते?"

"धूर गेला व्हता घशात. 'अरे, कोणी पाणी द्या रे' म्हणला. दोनदा म्हणला."

"मंग दिलं का कोणी?"

"कुठून देतील? सगळं तर तुमी रावणाला पाजलं व्हतं."

मी इतका हसलो की शाल खाली पडली आणि नारळ घरंगळत बंबाखाली गेला. हसता हसता मला ते स्टूल आठवलं. या माणसानं एका थापेसाठी आपलं बहिरेपण उघड केलं, आपली गाडी दिली, आणि इतकी वर्षं तोंडातून ब्र काढला नाही. मला काहीतरी बोलायचं होतं, आणि मामांना आवाज लागतच नव्हता. मग मी तपासणीच्या वेळी करायचो तसं, नुसते ओठ हलवले.

मामांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि समोर उभ्या बंबाकडं मान वळवली.

"चहा सांगतो म्हणतो? सांग," ते म्हणाले. "साखर कमी."